डावीकडची चौथी शिवण

माझ्या आईच्या आज्याचं नाव जोमा.
तळवलीच्या धक्क्यावर होड्या बांधायचा.
कागद नाही, मापपट्टी नाही;
ऐनाच्या फळीवरून अंगठा फिरवायचा
आणि वाकस उचलायचा.

दोन फळ्यांमधे जी फट राहते
तिला तो शिवण म्हणायचा.
तेलात भिजवलेला कापूस, वर राळ,
बोथट छिन्नीने ठोकत ठोकत आत,
आणि ठोक्याचा आवाज बदलला की थांबायचं.
कधी बदलतो? "ऐकाला येतं," म्हणायचा.
त्याहून जास्त त्याने कुणाला शिकवलं नाही.

मिठाचा कायदा मोडायचा ठरला त्या उन्हाळ्यात
पोरं पहाटे आगरात उतरायची,
मागून बाया, डोक्यावर मडकी.
मग खाडीतून मीठखात्याचा मचवा यायचा.
शिपाई बांध फोडायचे,
गोळा केलेलं मीठ बुटांनी चिखलात कालवायचे,
मडक्यांवर लाठ्या चालायच्या. माणसांवरही.
मे लागला आणि तोच मचवा गळायला लागला.
दुरुस्तीला कुठे जाणार?
खाडीच्या दोन्ही काठांना मिळून
माणूस एकच होता.

रात्री हाशा आला, खालच्या आळीचा उंदऱ्या आला.
"आजा, यक शिवन मोकली सोर. यकच."
बिडी विझेपर्यंत जोमा गप्प.
मग म्हणाला, "तुरुंगान चल म्हना, चलतो.
लाठी खा म्हना, खातो. पन ह्यो हात..."
आणि त्याने हात असा पुढे धरला
जसा कुणी दुसऱ्याने सांभाळायला ठेवलेला.
पोरं उठून गेली.

सकाळी तो मचव्यात उतरला.
तळाशी वीतभर पाणी,
आणि ते उपसायला शिपायांनी ठेवलेलं
अर्धं फुटकं मडकं.
काठाला गेरूचा पट्टा, मधेच तुटलेला:
ओढताना त्याच्या बायकोचं बोट
दरवेळी तिथेच अडायचं.

त्या मडक्याने त्याने सगळं पाणी उपसलं.
मग सगळ्या शिवणी भरल्या,
नेहमीसारख्या.
डावीकडच्या चौथीत कापूस कोरडा घातला.
आवाज बदलायच्या आधी तीन ठोके
थांबला.
वरून राळ, अंगठ्याने गुळगुळीत.
मजुरी मोजून घेतली.

बाराव्या दिवशी भरतीला
मीठबंदराच्या अलीकडे मचवा बसला, अगदी सावकाश,
म्हैस बसते तसा.
पाच शिपाई गुडघाभर चिखलातून तिवरांपर्यंत आले,
एक अगदी पोरगा, वहाणा गेल्या म्हणून रडत होता.
जोमाने ते पाहिलं.

चौकशी झाली. साहेबाने लिहिलं,
दुभाष्याने सगळ्या गावासमोर वाचलं:
लाकूड जुनं. तळ खडकाला लागला असावा.
कारागिराची चूक असणं शक्य नाही,
तळवलीच्या जोमाची शिवण सुटत नाही.
हाशा तोंडात उपरणं कोंबून हसला.
जोमा मान खाली घालून
आपल्या हाताच्या रेषांतली राळ खरवडत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच चौकीसमोर गेला,
शिपायांच्या देखत मूठभर मीठ उचललं
आणि मूठ उघडेना.
तीन जणांनी मिळून बोटं सोडवली.
चार महिने, ठाण्याच्या तुरुंगात.
तिथे कैद्यांचं पाण्याचं पिंप गळत होतं.
कुणी सांगितलं नव्हतं,
अंगातल्या बंडीतला कापूस काढून त्याने ते भरलं.

पुढे दाखल्यावर आलं: मिठाचा सत्याग्रह, चार महिने.
मचव्यासाठी रकाना नव्हता.
असता तरी त्याने भरला असता असं नाही.

खाडी बुजत आली, आगरांना सेक्टरचे नंबर पडले,
त्या साली त्याची शेवटची होडी
होळीसाठी फोडली. आई तेव्हा नऊ वर्षांची.
तिला आठवतं, फोडणारे थांबले होते:
डावीकडच्या चौथ्या शिवणीत
कापूस दुप्पट, राळ दुप्पट,
छिन्नी शिरेना.
मग कुणीतरी म्हणालं, त्याच्या सगळ्याच होड्या अशा,
त्या सालानंतरच्या.

राळ जास्त म्हणून
ती बाजू आधी पेटली.